राग माशीचा की वसाहतीचा? पोर्तो रिकोतल्या निवळलेल्या मधमाश्यांचं प्रकरण

काठीच्या टोकाला काळ्या चामड्याचा तुकडा बांधायचा. मधपेटीच्या दारासमोर तो ठरलेला वेळ, साधारण मिनिटभर, झुलवायचा. मग पेटीपासून दूर नेऊन चामड्यात रुतलेल्या नांग्या एकेक करून मोजायच्या. मधमाश्यांची आक्रमकता मोजायची ही जुनी रीत आहे आणि थोड्याफार फरकाने ती आजही चालते. काळ्या आणि हलत्या वस्तूवर माश्या धावून जातात. मऊ चामड्यात घुसलेली काटेरी नांगी परत निघत नाही, ती विषाच्या पिशवीसकट तिथेच राहते. पोट फाटलेली माशी थोड्या वेळात मरते. चामड्यावर जितक्या नांग्या, तितक्या कामकरी माश्यांनी वसाहतीसाठी जीव दिलेला असतो.

पुढचं सगळं प्रकरण या मोजणीभोवती फिरतं. ज्या माशीला वर्तमानपत्रांनी ‘खुनी माशी’ म्हणून जगभर बदनाम केलं, तिचे वंशज 1994 साली कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटावर पोहोचले. दशकभराच्या थोड्या पुढेमागे त्यांच्या पेट्यांसमोर झुलवलेल्या चामड्यावर पाळीव युरोपीय माश्यांइतक्याच मोजक्या नांग्या दिसू लागल्या. अंगाने ती माशी अजून आफ्रिकीच होती, पण तिचा राग निवळला होता. जगात दुसरीकडे कुठे असं झाल्याची नोंद नाही.

कीटकांच्या आक्रमकतेवर पुष्कळ काम झालं आहे. तरी मला हे प्रकरण सगळ्यांत मोलाचं वाटतं. इथे उत्क्रांती माणसांच्या डोळ्यांदेखत झाली आणि तिच्या खुणा जनुकांत वाचता आल्या. शिवाय त्या वाचताना एक जुना समजही मोडला: रागीट स्वभावाचं जनुक रागीट प्राण्याच्या अंगात सापडेल, हा समज.

रियो क्लारोच्या पेट्या

गोष्ट ब्राझीलमध्ये सुरू होते. युरोपातून नेलेल्या मधमाश्या तिथल्या उष्ण हवेत नीट रुजत नव्हत्या आणि मधही बेताचाच मिळत होता. 1956 साली वॉरिक केर या ब्राझिली आनुवंशशास्त्रज्ञाने आफ्रिकेतून राणीमाश्या आणल्या. त्या युरोपीय माशीच्याच प्रजातीतल्या, पण सव्हाना प्रदेशातल्या ‘स्कुटेलाटा’ या उपप्रजातीच्या होत्या. दोन्हींचा संकर करायचा, पिढ्यान् पिढ्या निवड करायची आणि उष्ण हवेत भरपूर मध देणारी पण सौम्य माशी घडवायची, असा बेत होता. हा बेत वेडगळ नव्हता. गहू असो की गाय, माणसाने हेच केलं आहे.

साओ पाउलो राज्यातल्या रियो क्लारोजवळ या वसाहती ठेवल्या होत्या. राणी बाहेर पडू नये म्हणून पेट्यांच्या दारांना जाळ्या बसवलेल्या होत्या. 1957 मध्ये त्या जाळ्या कुणीतरी काढल्या आणि 26 वसाहतींच्या राण्या आपापल्या थव्यांसह निघून गेल्या. पुढे त्यांचा स्थानिक युरोपीय माश्यांशी संकर होत गेला. हा आफ्रिकी संकर काही भागांत वर्षाला 300 ते 500 किलोमीटर या वेगाने पसरला. 1986 साली तो मेक्सिकोत पोहोचला आणि ऑक्टोबर 1990 मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये.

या माशीचा डंख काही जास्त विषारी नाही. अंगाने ती युरोपीय माशीपेक्षा थोडी लहानच असते. धोका असतो तो संख्येचा आणि वेगाचा. 1982 साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत व्हेनेझुएलातल्या आफ्रिकी संकर वसाहतींनी चामड्यावर युरोपीय वसाहतींच्या 8 पटींहून जास्त डंख मारले. इशाऱ्याच्या वासाला त्या जवळपास अडीच पट लवकर उठल्या आणि हलत्या लक्ष्याला तर त्याहून कितीतरी लवकर. युरोपीय पेटीतून चार-पाच माश्या अंगावर आल्या तर माणूस हात झटकत दूर होतो. शेकडो माश्या आल्या आणि बऱ्याच अंतरापर्यंत पाठलाग करत राहिल्या, तर प्रकरण जिवावर बेततं.

ही माशी अशी का घडली, याचं उत्तर तिच्या मूळ मुलखात आहे. आफ्रिकेच्या सव्हानात पोळ्यावर टपलेल्यांची वाण नाही. रॅटेलसारखा जाड कातडीचा प्राणी पोळं फोडून खातो, मुंग्यांच्या फौजा येतात, आणि मध काढणारा माणूस तिथे हजारो वर्षांपासून आहे. त्याची रीत बहुतेक वेळा पोळं उद्ध्वस्त करून मध नेण्याची. अशा ठिकाणी मवाळ वसाहत टिकत नाही. युरोपातल्या माशीला मात्र शत्रू कमी भेटले. खरी परीक्षा हिवाळ्याची होती, आणि माणूस शतकानुशतकं तिला पाळत, सौम्य वसाहती जपत आला. म्हणजे प्रजाती एकच, पण दोन मुलखांनी तिचे दोन स्वभाव घडवले.

आपल्याकडे हा फरक समजावून सांगावा लागत नाही. सातेरीची पेटी सह्याद्रीतला मधपाळ कित्येकदा उघड्या हातांनी हाताळतो, आणि आग्या मोहोळ उठलं की गडावरची अख्खी सहल पळत सुटते. त्या दोन प्रजातीच वेगळ्या, म्हणून आपल्याला त्यात नवल वाटत नाही. पोर्तो रिकोतल्या माशीने मात्र प्रजाती न बदलता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे प्रवास केला.

बेटावर

पोर्तो रिको सुमारे 9,000 चौरस किलोमीटरचं, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम जिल्ह्याएवढं बेट. लोकवस्ती मात्र दाट, चौरस किलोमीटरला 400 च्या आसपास माणसं. आफ्रिकी संकर तिथे 1994 साली पोहोचला, बहुधा जहाजावरच्या मालात बसलेल्या थव्याच्या रूपाने. त्याच सुमाराला मधमाश्यांच्या अंगावर जगणारा व्हरोआ हा कोळीकुळातला परजीवीही बेटावर आला. आधीपासून असलेल्या युरोपीय वसाहती घटत गेल्या आणि अनेक भागांत नव्या माशीने त्यांची जागा घेतली.

सुरुवातीला व्हायचं तेच झालं. माणसांवर, जनावरांवर हल्ले झाले, बंदोबस्ताची धावपळ झाली. मुख्य भूमीचा अनुभव पाहता पुढेही हेच चालू राहणार, असं मानायला हरकत नव्हती. ब्राझीलपासून टेक्सासपर्यंत युरोपीय माश्यांशी संकर होऊनही राग टिकून राहिला होता.

पण बेटावरच्या मधपाळांना पेट्या उघडताना फरक जाणवू लागला. पोर्तो रिको विद्यापीठातल्या तुग्रुल गिराई यांच्या गटाने हा फरक पद्धतशीरपणे तपासला. त्यांनी 2012 साली जे मांडलं ते थोडक्यात असं: बेटावरच्या माश्या अंगाच्या मापाने आणि मायटोकाँड्रियाच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांच्या) डीएनएवरून आफ्रिकी वंशाच्या आहेत, पण त्यांचा बचावी हल्ला युरोपीय माश्यांइतकाच सौम्य आहे.

मायटोकाँड्रियाचा मुद्दा इथे महत्त्वाचा आहे. हा डीएनए फक्त आईकडून येतो. बेटावरच्या युरोपीय राण्यांशी केवळ आफ्रिकी नरांचा संयोग झाला असता, तर लेकींमध्ये मायटोकाँड्रिया युरोपीयच राहिले असते. ते आफ्रिकी निघाले याचा अर्थ आफ्रिकी राण्यांचा वंश बेटावर पसरला होता. माशी खरोखर बाहेरून आलेलीच होती, आणि तरीही ती शांत होती.

शंका तपासताना

असा निष्कर्ष समोर आला की आधी साधी स्पष्टीकरणं बाजूला सारावी लागतात.

पहिली शंका, युरोपीय माश्यांशी मिसळून आफ्रिकीपण पातळ झालं असेल, दुधात पाणी घातल्यासारखं. मग सगळेच गुण सारखे पातळ व्हायला हवे होते. इथे माप आणि मातृवंश आफ्रिकी राहिले आणि राग तेवढा उतरला.

दुसरी शंका, बेटावर मोजकेच थवे आले आणि योगायोगाने तेच सौम्य होते. बेटांवर असं खरोखर घडतं. पण मग बेटावरच्या माश्यांत जनुकीय वैविध्य कमी असायला हवं होतं, कारण सगळ्या मूठभर पूर्वजांच्या वंशातल्या. पुढे जीनोम, म्हणजे माश्यांचा संपूर्ण डीएनए, वाचले तेव्हा वैविध्य भरपूर निघालं. शिवाय पहिल्या वर्षांतल्या हल्ल्यांचं काय?

तिसरी शंका हवापाण्याची: बारमाही ऊब, फुलं, शत्रू कमी, म्हणून माश्या निवांत. ही शंका सगळ्यात तगडी होती, कारण माशीचा राग दिवसागणिक बदलतो हे पेटी हाताळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. ढगाळ दिवशी, फुलोरा संपल्यावर तीच वसाहत चिडकी होते. पण बेटावरच्या सगळ्या वसाहती एकसारख्या शांत नाहीत. एकाच आवारात, एकाच हवेत ठेवलेल्या पेट्यांतही कमी-जास्त राग दिसतो. म्हणजे हवेपलीकडचं काहीतरी वसाहतीच्या आत आहे. 2020 च्या अभ्यासाने हाच धागा पकडला. त्याकडे मी थोड्या वेळाने येतो.

मग उरते निवड. ती केली कुणी? सर्वांत पटणारं उत्तर आहे माणसाने, आणि तीही न ठरवता. इतक्या दाट वस्तीच्या बेटावर माणसापासून लांब असं मोहोळ क्वचितच असतं. घराच्या छपरात, पाण्याच्या मीटरच्या खोबणीत, शाळेच्या भिंतीत बसलेली वसाहत अंगावर येते तेव्हा कुणीतरी फोन करतं आणि ती मारली जाते. शेजारची शांत वसाहत कुणाच्या नजरेतच येत नाही, किंवा एखादा मधपाळ ती उचलून पेटीत बसवतो. सव्हानात मवाळ वसाहत लुटली जात होती. बेटावर रागीट वसाहत मारली जाऊ लागली. निवडीची दिशाच उलटी झाली.

त्यात डंखाचा खर्चही धरायला हवा. मारलेला प्रत्येक डंख म्हणजे एक कामकरी माशी कमी. पोळं फोडणारे मोठे प्राणी जिथे नाहीत, तिथे ऊठसूट धावून जाणाऱ्या वसाहतीच्या माश्या फुकट जातात आणि मध गोळा करणारे हात कमी पडतात. मारणाऱ्या माणसाचा वाटा किती आणि या खर्चाचा किती, हे वेगवेगळं मोजलेलं नाही. पण दोन्ही जोर एकाच दिशेने लागत होते.

समुद्राने तिसरं काम केलं. मेक्सिकोत रागीट वसाहत मारली तरी पुढच्या वर्षी शेजारच्या रानातून तसेच नर आणि थवे येतात आणि निवडीने कमावलेलं वाहून जातं. बेटावर असा पुरवठा नव्हता. जे साठलं ते साठत गेलं.

जीनोममध्ये काय दिसलं

2017 साली आरियान आव्हालोस, गिराई, इलिनॉय विद्यापीठातले जीन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी तीन गटांतल्या माश्यांचे संपूर्ण जीनोम वाचले: बेटावरची सौम्य आफ्रिकी संकर माशी, मुख्य भूमीवरची रागीट आफ्रिकी संकर माशी आणि युरोपीय माशी. मधमाशीचा जीनोम लहान आहे, 16 गुणसूत्रांवर पसरलेला. त्याची पहिली संपूर्ण मांडणी 2006 सालीच झाली होती, म्हणून कोणता तुकडा कुठला हे पाहणं शक्य झालं.

रागाचा एकच ‘खटका’ बंद झालेला सापडेल, असं कुणाला वाटलं असेल तर त्याची निराशा झाली. निवडीच्या खुणा जीनोमभर, अनेक ठिकाणी विखुरलेल्या होत्या. त्या ‘मृदू’ प्रकारच्या होत्या. हा शब्द जरा उलगडून सांगतो, कारण प्रकरणाचा अर्धा अर्थ त्यात आहे.

एखादा नवा, फार फायद्याचा जनुकबदल झाला आणि तो धारण करणाऱ्यांचीच संतती उरली, तर त्या जागेजवळचं सगळं वैविध्य पुसलं जातं. शिवारात पूर्वी दहा प्रकारचं भात होतं आणि आता सगळीकडे एकच वाण आहे, तशी गत. ही कठोर निवड. मृदू निवडीत नवीन काही घडावं लागत नाही. आधीपासून असलेल्या अनेक पर्यायांपैकी काहींचं प्रमाण थोडं थोडं वाढतं, काहींचं घटतं. दहाही वाण शेतात राहतात, फक्त कुणाचा पेरा किती हे बदलतं. बदलाला वेग येतो तो यामुळेच. योग्य उत्परिवर्तनाची वाट पाहायला दशकभर कुठे पुरणार? इथे कच्चा माल संकरातच तयार होता. आफ्रिकी आणि युरोपीय असे दोन्ही पर्याय ब्राझीलपासून बरोबरच आले होते आणि बेटावरच्या युरोपीय माश्यांनी त्यात भर घातली.

मधमाशीच्या जीवशास्त्राची एक खासियत इथे उपयोगी पडली असावी. अंडी तयार होताना गुणसूत्रांच्या तुकड्यांची जी अदलाबदल होते, ती मधमाशीत विलक्षण जास्त आहे, माणसाच्या कित्येक पट. त्यामुळे आफ्रिकी गुणसूत्रावर एखादा छोटा युरोपीय तुकडा बसवून बाकी सगळं आफ्रिकी ठेवणं थोड्या पिढ्यांत शक्य होतं. अंग आफ्रिकी आणि स्वभाव युरोपीय, हे कोडं असं उलगडू लागतं.

डंख मारणारी माशी आणि न मारणारी बहीण

आता प्रकरणाचा गाभा.

फळमाशीत आक्रमकता समजून घेणं तुलनेने सोपं आहे. दोन नर खाण्याच्या जागेवर एकमेकांशी भिडतात. जो भांडखोर त्याची संतती वाढवायची, असं पिढ्यान् पिढ्या करत राहिलं की भांडखोर वाण तयार होतो. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका प्रयोगात 20 हून अधिक पिढ्यांनंतर कमालीच्या भांडखोर फळमाश्या मिळाल्या, आणि दोन वाणांतल्या फरकाचा माग काढताना Cyp6a20 हे जनुक हाती लागलं. जो भांडतो त्यालाच फायदा, त्याचंच जनुक आणि त्याचीच मुलं.

मधमाशीत यातलं काहीच लागू पडत नाही. डंख मारणारी कामकरी माशी मरते. तिला मुलं होत नाहीत, अंडी घालते ती राणी. डंख मारणाऱ्याला पुढची पिढीच नाही, तर डंखाचा स्वभाव पुढे जातो कसा? वांझ कीटकांचा हा पेच 1859 साली डार्विनलाही सतावत होता. त्याने उत्तर कुटुंबात शोधलं: निवड वांझ व्यक्तीवर होत नाही, तिला जन्म देणाऱ्या कुळावर होते. मधमाशीच्या भाषेत सांगायचं तर टिकते किंवा नष्ट होते ती वसाहत. फोन आल्यावर मारली जाते तीही अख्खी वसाहतच, त्यातल्या रागीट माश्या निवडून नव्हे.

2020 साली आव्हालोस आणि सहकाऱ्यांनी हा विचार थेट जनुकांवर तपासला. पोर्तो रिकोतल्याच, कमी-जास्त रागाच्या मोजक्या वसाहती त्यांनी एका जागी घेतल्या. प्रत्येक वसाहतीतून दोन प्रकारच्या माश्या उचलल्या: बचावासाठी धावून डंख मारणाऱ्या ‘सैनिक’ आणि आपलं अन्न गोळा करणाऱ्या चारेकरी. प्रत्येक माशीचा स्वतंत्र जीनोम वाचला. प्रश्न सरळ होता: एकाच पेटीतल्या डंख मारणाऱ्या माशीत आणि तिच्या न मारणाऱ्या बहिणीत कोणतं जनुक वेगळं आहे?

एकही ठळकपणे वेगळं सापडलं नाही.

मग त्यांनी प्रश्न फिरवला. माशी सोडून वसाहत धरली. एखाद्या जनुकाचा अमुक पर्याय या वसाहतीतल्या किती टक्के माश्यांत आहे, आणि वसाहत किती रागीट आहे, यांचा मेळ बसतो का? इथे संबंध जोरकस निघाला. वसाहती थोड्या असूनही तो टिकला. सैनिकांवरून हिशेब मांडला काय किंवा चारेकरी माश्यांवरून मांडला काय, तोच संबंध दिसत होता. म्हणजे फुलावरून परागकण घेऊन निवांत परतणारी माशी सुद्धा आपली वसाहत किती रागीट आहे हे अंगात लिहून फिरते. ती स्वतः डंख मारत नसली तरी.

हे वाचताना मी थबकलो होतो. पेटीच्या दारात एक माशी आपल्यावर झेपावते आणि दुसरी शेजारून सरळ आत जाते, हे आपण पाहतो तेव्हा मन लगेच म्हणतं, ही तापट आणि ती गरीब. जनुकांच्या हिशेबात असा भेद नाही. दोघी एकाच समाजाच्या आहेत. त्या क्षणी कोण उठेल हे वय, जागा, वास यांवर ठरतं. समाज मिळून किती उठेल, हे मात्र त्या समाजातल्या जनुकांच्या प्रमाणावर ठरतं.

या संबंधाची एक ठळक जागा 7 व्या गुणसूत्रावर निघाली. तिथे फळमाशीतल्या dpr4 या संवेदनांशी निगडित जनुकाचा भाईबंद आहे. त्या जागेवर सौम्य माशीच्या उत्क्रांतीत निवड झाल्याच्या आणि दोन वंश मिसळल्याच्या, अशा दोन्ही खुणा होत्या. संवेदनेचं जनुक असणं मला अर्थपूर्ण वाटतं. राग ‘जास्त’ असण्यापेक्षा, कोणत्या खुणेला किती लवकर उठायचं, हा उंबरठा बदलला असावा.

वासाची साखळी

हा उंबरठा कसा चालतो ते एकदा अगदी जवळून पाहू. पहिली रखवालदार माशी डंख मारते. मागे राहिलेल्या नांगीतून विष आत ढकललं जातच असतं, आणि त्याच वेळी नांगीजवळच्या ग्रंथीतून इशाऱ्याचा वास सुटतो. त्यातला मुख्य घटक आयसोपेंटाइल ॲसिटेट. पिकलेल्या केळ्याच्या वासाचा. अंगावर एक डंख बसल्यावर हातमोज्याला हा गोडसर वास येऊ लागला की जाणता मधपाळ धुराडं हातात घेतो आणि आधी डंखाच्या जागेवर धूर मारतो. केळं खाऊन पेटीजवळ जाऊ नये असं नवशिक्याला सांगतात ते याचमुळे.

या वासाने दुसरी उठते, तिच्या डंखाने तिसरी. प्रत्येक माशीचा उंबरठा जरासा खाली असेल तर ही साखळी पेटतच जाते. जरासा वर असेल तर दोन-चार डंखांत विझते. प्रत्येक माशीत फरक इतका बारीक की एकेकटीला तपासून तो दिसणार नाही, पण वीस-तीस हजार माश्यांच्या वसाहतीत त्याचा परिणाम चार डंख की चारशे डंख इतका वाढतो. 2020 च्या निष्कर्षाचं माझ्या मनातलं चित्र हेच आहे.

शेजाराचा परिणाम यापूर्वीही दिसला होता. युरोपीय माश्या आफ्रिकी संकर पेटीत वाढवल्या तर त्या आपल्या घरच्यापेक्षा जास्त डंख मारतात. 2009 साली मेंदूतल्या जनुकांच्या कामावर झालेल्या एका अभ्यासात आणखी सुंदर गोष्ट दिसली. इशाऱ्याच्या वासाने ज्या जनुकांचं काम कमी-जास्त होतं, त्यांतल्याच कितीतरी जनुकांचं काम आफ्रिकी वंशाच्या माशीत जन्मतःच तशाच दिशेने कमी-जास्त असतं, आणि वय वाढून रखवालदारीवर आलेल्या माशीतही. क्षणाची चिथावणी, वयाचा बदल आणि वंशाचा वारसा, तिन्ही एकाच यंत्रणेवर बोट ठेवतात. युरोपीय माशी वासाने जिथे पोहोचते, तिथे आफ्रिकी माशी आधीच उभी असते, असं म्हणता येईल.

सौम्य राण्या बाहेर नेता येतील?

बेटावरची माशी सौम्य आहेच, शिवाय उष्ण हवेत टिकणारी आहे आणि व्हरोआला अंगावरून काढून टाकण्यातही सरस आढळली आहे. म्हणजे केर यांना 1956 साली हवी होती जवळपास तीच माशी. जिथे आफ्रिकी संकराने मधपाळ बेजार आहेत, तिथे या राण्या का नेऊ नयेत, हा प्रश्न साहजिकच पुढे येतो.

अडचण नरांची आहे. नर हा न फलित झालेल्या अंड्यातून जन्मतो, त्याला आईचीच एकेरी गुणसूत्रं मिळतात. तरुण राणी आयुष्याच्या सुरुवातीच्या थोड्या दिवसांतच, उडतीवर, साधारण डझनभर नरांशी संयोग करते आणि तो साठा जन्मभर पुरवते. ती कुठल्या नरांना भेटेल यावर मधपाळाचा ताबा नसतो. नेलेली राणी आधीच फळलेली असेल तर तिच्या स्वतःच्या कामकरी माश्या सौम्य निघतील. पण वर्षा-दोन वर्षांत वसाहत राणी बदलते, नवी राणी उडते आणि वर आकाशात टेक्सासचे किंवा मेक्सिकोचे नर वाट पाहत असतात. बापाचा वाटा इथे हलका नाही. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या संकरांच्या तुलनेत आफ्रिकी बापाच्या वसाहती, आफ्रिकी आईच्या वसाहतींपेक्षाही जास्त रागीट निघाल्या. सौम्यता जर अनेक जनुकांच्या प्रमाणात असेल, तर बाहेरच्या नरांची एक पिढी ते प्रमाण मोडायला पुरेशी आहे. राणीच्या जोडीने सौम्य वंशाचे भरपूर नर सोडणाऱ्या वसाहती भोवताली ठेवल्या, किंवा एखादं दुसरं बेट निवडलं, तरच काही टिकेल.

पोर्तो रिकोत ही काळजी कुणी घेत नाही, घ्यावी लागत नाही. तिथली तरुण राणी पेटीतून निघते, माडांच्या वर चढते, आणि तिला जे नर भेटतात ते सगळे त्याच बेटावरच्या, मारल्या न गेलेल्या वसाहतींचे असतात.